फुकटच्या सहीला इतक्या अटी कशा आल्या?

अमेरिकेत एखाद्या बेसबॉल क्लबचा किंवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा चाहता-मेळावा असला, की दारातच नियमांचा फलक दिसतो. माणशी एकच वस्तू. सही फक्त संघाने दिलेल्या पोस्टरवर. बॅट, जर्सी, हेल्मेट आणू नये. सहीशिवाय आणखी काही लिहून मागू नये. काही टेबलांवर तर फक्त लहान मुलांनाच रांगेत घेतात. पैसे न घेता दिल्या जाणाऱ्या सहीला एवढी कलमे पाहून नवखा माणूस खेळाडूंना शिष्ट समजतो. तो समज चुकीचा आहे. यातले जवळजवळ प्रत्येक कलम कोणत्या ना कोणत्या ठरावीक युक्तीला उत्तर म्हणून आले. ती युक्ती समजली की कलमाचा अर्थ लागतो, आणि ते कुठे अपुरे पडते हेही कळते.

१९७० च्या दशकापर्यंत सहीला बाजार फारसा नव्हता. बेब रूथसारखा बेसबॉलपटू मैदानाबाहेर, हॉटेलच्या दारात, रेल्वे स्टेशनवर भराभर सह्या देई आणि त्या बहुतेक घरातल्या कपाटात राहत. त्या काळातली अडचण निराळी होती. भेट म्हणून द्यायच्या चेंडूंवर अख्ख्या संघाच्या सह्या लागत. खेळाडू कंटाळले की क्लबहाऊसमधले मदतनीसच त्यांची नावे लिहून टाकत. जुन्या संघ-चेंडूंवर तीन-चार नावे एकाच हाताची सापडतात ती यामुळे. काहींनी हा व्यवहारच नाकारला. बास्केटबॉलचे बिल रसेल खेळत असताना सही देत नसत. त्यापेक्षा हात मिळवावा, दोन शब्द बोलावेत, असे त्यांचे म्हणणे असे.

बदल आला तो कार्डांमुळे. च्युइंगगमबरोबर मिळणारी बेसबॉल कार्डे लहानपणी जमवलेली पिढी कमावती झाली आणि तिने ती परत विकत घ्यायला सुरुवात केली. १९८० साली लॉस एंजेलिसला संग्राहकांचे पहिले राष्ट्रीय संमेलन भरले. अशा कार्ड-मेळाव्यांना गर्दी खेचायला निवृत्त खेळाडू बोलावले जाऊ लागले आणि काही वर्षांतच सहीमागे दर ठरू लागला. पैसा रोखीत फिरत होता. बेसबॉलपटू पीट रोझ यांना १९९० साली खोटी कर-विवरणपत्रे भरल्याबद्दल पाच महिन्यांची कैद झाली. लपवलेल्या उत्पन्नात सह्यांचे आणि क्रीडावस्तूंच्या विक्रीचे पैसे होते. १९९५ साली ड्यूक स्नायडर आणि विली मॅककोव्ही या बेसबॉलच्या दोन दिग्गजांनीही अशाच प्रकरणात गुन्हा कबूल केला. सहीला बाजारभाव आहे ही गोष्ट या खटल्यांमुळे जगजाहीर झाली. मग फुकट सही देणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न आला: समोरचा माणूस ही ठेवणार आहे की विकणार?

हा भाव सहीइतकाच ती कुठे केली आहे यावर ठरतो, आणि पुढचे बहुतेक निर्बंध इथूनच निघाले. बेसबॉलच्या चेंडूवर दोन ओळींची शिवण जिथे एकमेकींच्या सर्वांत जवळ येते, तिथल्या अरुंद पट्टीवर केलेल्या एकट्या सहीला सर्वांत जास्त मागणी. चेंडू रॉलिंग्ज कंपनीचा, मेजर लीगचा (बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचा) अधिकृतच हवा. सही निळ्या बॉलपेनची हवी, कारण मार्करची शाई चामड्यात पसरते आणि काही वर्षांत अक्षरांच्या कडा धूसर होतात. उलट फोटो, हेल्मेट, कार्ड यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर मार्करच लागतो. चकचकीत कार्डावर तोही घसरतो, म्हणून विकणारे आधीच खोडरबराने किंवा पावडरीने कार्डाची चकाकी उतरवून आणतात. रांगेतला माणूस प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीत कोरा चेंडू आणि योग्य जातीचे दोन पेन घेऊन उभा असेल, तर त्याला हे सगळे ठाऊक आहे असे समजावे. तो विक्रेताच असेल असे मात्र नाही. मनापासून जमवणारा माणूसही अगदी अशीच तयारी करतो, आणि नियम करणाऱ्यांची खरी अडचण हीच आहे.

मोफत सह्यांचे आयोजित कार्यक्रम याच काळात वाढले. शिकागो कब्ज या बेसबॉल क्लबने १९८६ साली चाहत्यांचे संमेलन भरवले आणि इतर क्लबांनी ती प्रथा उचलली. १९९१ पासून निवडक ताऱ्यांच्या ऑल-स्टार सामन्याच्या जोडीने फॅनफेस्ट हा चाहत्यांचा मेळावा होऊ लागला. खेळाडूंच्या १९९४-९५ च्या संपाने वर्ल्ड सिरीज ही हंगामाची अंतिम मालिका रद्द झाली, प्रेक्षक चिडले, आणि त्यांना परत आणण्यासाठी सह्या हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक उपाय ठरला. बेसबॉलपटू कॅल रिपकन १९९५ च्या हंगामात सामना संपल्यावरही बराच वेळ थांबून सह्या देत.

आणि त्याच १९९५ च्या सप्टेंबरात ईबे हे ऑनलाइन लिलावाचे संकेतस्थळ सुरू झाले. तोवर सही विकायची तर दुकान किंवा मेळाव्यात टेबल लागे. आता दुपारी घेतलेली सही रात्री लिलावात टाकता येऊ लागली. मोफत सह्यांच्या रांगांचे रूप पालटले ते यामुळे. तीच चार माणसे रोज दिसू लागली, पाठीवर पिशव्या, हातात फळीवर ओळीने लावलेली एकाच खेळाडूची आठ-दहा कार्डे.

दुसरा धक्का बनावट सह्यांचा. सॅन दिएगो पाद्रेज या बेसबॉल संघाचा खेळाडू टोनी ग्विन याच्या नावाच्या खोट्या सह्या त्याच्याच संघाच्या दुकानात विकायला ठेवलेल्या सापडल्या. एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेच्या ‘ऑपरेशन बुलपेन’ या तपासात देशभर पसरलेली टोळी उघडी पडली. जप्त मालात मदर तेरेसांची खोटी सही केलेले बेसबॉलही होते. त्यानंतर २००१ साली मेजर लीगने स्वतःची प्रमाणीकरण योजना आणली. पोलिसी नोकरीचा अनुभव असलेला साक्षीदार समोर हजर असेल, तरच वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम लागतो. मोफत रांगेत असा साक्षीदार सहसा नसतो. म्हणून तिथली सही पुढे खासगी प्रमाणीकरण कंपनीकडे जाते, शुल्क भरून प्रमाणपत्र मिळवते आणि मग विकली जाते. म्हणजे बनावटीविरुद्धच्या उपायाने खऱ्या सहीचा भाव वाढवला, आणि खरी सही सर्वांत स्वस्तात मिळण्याची जागा म्हणून मोफत रांगेवरचा ताणही वाढवला.

आता नियमांकडे वळू. पहिला प्रश्न वेळेचा. टेबलावरचा साधा हिशेब असा: सपाट पोस्टरवर सही करून पुढच्याकडे वळायला साधारण ६ सेकंद लागतात, चेंडू फिरवून, शिवणीमधली जागा शोधून सही करायला १५, जर्सी पसरून, कापड ताणून धरून, आकड्यावर सही करायला ३०. या हिशेबाने तासाला ६०० पोस्टर होतात, २४० चेंडू किंवा १२० जर्सी. म्हणून बॅट-जर्सीवरची बंदी फक्त विक्रेत्यांविरुद्ध नाही. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या कुटुंबासाठीही ती आहे.

‘माणशी एक’ हा नियम सर्वांत जुना आणि सर्वांत सहज मोडला जाणारा. टोपी बदलून पुन्हा रांगेत येणे ही पहिली युक्ती. त्यावर मनगटी पट्टी आली. पट्टी सैल बांधून काढून दुसऱ्याला देता येते, म्हणून फाडल्याशिवाय न निघणारी कागदी पट्टी आली आणि टेबलाशी पोचताच तिच्यावर खूण करायची पद्धत पडली. पट्ट्या पहाटे वाटल्या तर रात्रभर मुक्काम ठोकणारे व्यावसायिक सगळ्या पळवतात, म्हणून पुढे सोडत. सोडतीत एकाच माणसाचे दहा अर्ज येतात, म्हणून ओळखपत्र. प्रत्येक पायरीला आयोजकांचे दोन-तीन कर्मचारी वाढतात. लहान क्लबांना हे झेपत नाही आणि ते कार्यक्रमच बंद करतात. तोटा होतो तो पोरांचा.

नाव घालून सही देणे हा खेळाडूंनी स्वतः काढलेला उपाय. ‘अमुकला शुभेच्छा’ असे लिहिले की अनोळखी गिऱ्हाईक कमी किंमत देते. चामड्यावर आणि साध्या कागदावर हा उपाय टिकतो. चकचकीत फोटोवर आणि हेल्मेटवर टिकत नाही: स्पिरिटच्या बोळ्याने नाव पुसता येते, सही राहते. अतिनील दिव्याखाली पुसलेली जागा ओळखू येते, पण घेणारा दिवा लावून बघतोच असे नाही.

सर्वांत गाजलेला आणि सर्वांत लंगडा नियम म्हणजे ‘फक्त मुलांसाठी’. एनएफएल या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल स्पर्धेच्या सराव शिबिरांत आणि गोल्फच्या स्पर्धांत मुलांसाठी वेगळे भाग आखले गेले. हेतू चांगलाच. पण विक्रेते लगेच मुलांनाच रांगेत पाठवू लागले, खाऊचे पैसे देऊन. डबीतला कोरा चेंडू आणि निळे पेन नेमके शिवणीमधल्या जागेकडे वळवून धरणारे, आणि समोर कोण बसला आहे हे न सांगता येणारे नऊ वर्षांचे मूल हे त्याचे ठळक लक्षण. शिवाय चाळीस वर्षे एका संघामागे उभा राहिलेला म्हातारा चाहता या नियमाने बाहेर फेकला जातो. माणसाचे वय बघून त्याचा हेतू ठरवणे अन्यायाचे आहे आणि निरुपयोगीही.

त्यामानाने वस्तूवरचा नियम सरळ. संघाने स्वतः छापलेले, त्या वर्षाचे आणि सगळ्या संघाचे पोस्टर द्यायचे आणि फक्त त्यावरच सही. पोस्टर फुकट, सगळ्यांकडे सारखे, हजारोंच्या संख्येत. त्यावर पंधरा-वीस सह्या आल्या की एकट्या ताऱ्याच्या सहीसारखा भाव त्याला येत नाही. कोणाच्या हेतूची चौकशी करावी लागत नाही. हा नियम बिघडतो तो दोन ठिकाणी. एक, छपाई: पोस्टरवर चकचकीत लेप असेल तर शाई वाळेपर्यंत रांग पुढे सरकते आणि सह्या एकमेकांवर पुसल्या जातात, कागद लेप नसलेलाच हवा. दोन, ताऱ्याची बैठक: त्याला इतरांच्या ओळीतच बसवले तर त्याच्यापाशी गर्दी तुंबते आणि शेजारचे खेळाडू रिकामे बसतात. त्याचे टेबल वेगळे, त्याची क्रमांकित चिठ्ठी वेगळी, आणि रांगेच्या शेवटी ‘इथे रांग संपली’ असा फलक धरलेला माणूस, एवढे केले तर भांडणे होत नाहीत.

हा पोस्टरचा नियम सर्वांत घट्ट झाला विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, आणि तिथले कारण जास्त गंभीर होते. विद्यापीठीय खेळांची नियामक संस्था एनसीएए हिच्या हौशीपणाच्या नियमानुसार खेळाडूला स्वतःच्या सहीचे पैसे घेता येत नसत. ती मिळवणाऱ्याने मात्र कितीलाही विकावी. २०१३ साली टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा जॉनी मॅन्झील याची सह्यांवरून चौकशी झाली. पैसे घेतल्याचा पुरावा मिळाला नाही, तरी हंगामातल्या पहिल्या सामन्याचा पूर्वार्ध त्याला बाहेर बसावे लागले. २०१४ साली जॉर्जिया विद्यापीठाचा टॉड गर्ली याच्यावर, सह्या केलेल्या वस्तूंपोटी आणि इतर मार्गांनी दोन वर्षांत ३,००० डॉलरहून जास्त घेतल्यावरून, चार सामन्यांची बंदी आली. बंदी संपवून परतला त्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. पुढच्या वर्षी जॉर्जिया राज्याने, खेळाडूची पात्रता धोक्यात येईल असे व्यवहार करणाऱ्या दलालांविरुद्ध कायदाच केला. एखाद्या खेळाडूच्या शेकडो सह्या एकाच वेळी बाजारात दिसल्या की संशय त्याच्यावर येई, मग त्या त्याने फॅन डेला (चाहत्यांच्या मेळाव्यात) फुकट दिलेल्या का असेनात. विद्यापीठे बाहेरची वस्तू टेबलावर येऊच देत नसत, त्यात खेळाडूचा हा बचाव मोठा होता.

आपल्याकडच्या क्रिकेटमध्ये सह्या दुर्मीळ झाल्या, पण वेगळ्या वाटेने. २००० सालच्या सामना-निश्चितीच्या प्रकरणानंतर खेळाडूंच्या आणि पंचांच्या भागात ओळखपत्राशिवाय कोणाला सोडायचे नाही असे आयसीसीचे नियम आले आणि पॅव्हेलियनच्या जिन्यावर वही घेऊन उभे राहणे संपले. सहीमागे दर लावणे मात्र आपल्याला नवे नाही. गांधीजी हरिजन निधीसाठी सहीमागे ५ रुपये घेत. विजय मर्चंट यांच्या भगिनी लक्ष्मी यांच्या वहीत १९३३-३४ च्या एमसीसी (इंग्लंडच्या) संघाच्या पानावर सोळा नावांखाली सतरावे नाव गांधीजींचे आहे. अमेरिकेतला सेंट लुईस कार्डिनल्स हा बेसबॉल क्लबही आपल्या हिवाळी मेळाव्यात सहीची तिकिटे विकून पैसे मुलांच्या संस्थांना देतो. मोफत रांगेला हा एक प्रामाणिक पर्याय आहे, कारण विकणाऱ्याचा नफा थेट दानात वळतो. पण गरीब पोराला तो परवडत नाही.

१ जुलै २०२१ पासून विद्यापीठातल्या खेळाडूंना नाव आणि सही विकायची मुभा मिळाली. अटी सैल होतील असे अनेकांना वाटले होते. घडले उलटे. आता खेळाडूचा एखाद्या कंपनीशी सह्यांचा करार असतो, आणि फुकट दिलेला प्रत्येक चेंडू त्या कराराचा भाव पाडतो. गर्दी तरुण, अजून न गाजलेल्या खेळाडूंकडेही सरकली आहे. बेसबॉलपटू माइक ट्राउटचे, तो गाजण्याआधीचे, २००९ चे सही असलेले, एकच प्रत असलेले बोमन छापाचे कार्ड २०२० साली ३९ लाख डॉलरच्या वर गेले. तेव्हापासून ॲरिझोना फॉल लीग या नवोदितांच्या स्पर्धेच्या जवळजवळ रिकाम्या मैदानांवरही कुंपणापाशी कार्डांच्या फळ्या घेतलेली माणसे उभी असतात. तिथे फलक नाही, पट्टी नाही, कर्मचारीही नाही. एकोणीस-वीस वर्षांची मुले आपला नियम आपणच करतात: आधी लहान मुले, मग मोठ्यांना प्रत्येकी एक, आणि नाव विचारल्याशिवाय पेन हातात घ्यायचे नाही.