डब्ल्यू-३२० (काजूगराची प्रत)

सोललेल्या अख्ख्या काजूगराची ही बाजारात सर्वाधिक खपणारी प्रत. 'डब्ल्यू' म्हणजे पांढरा, अख्खा गर. आकडा एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात ते सांगतो. ३२० नंबरात ३०० ते ३२० गर बसतात, २४० नंबरात २२० ते २४०, १८० नंबरात १७० ते १८०. म्हणून नंबर लहान तितका काजू मोठा आणि महाग.

हा नंबर फक्त आकाराचा आहे. चव किंवा ताजेपणा त्यातून कळत नाही. आकार बहुतांशी जातीवर ठरतो. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या कलमांची बी टपोरी असल्याने गर मोठ्या आकाराच्या, म्हणजे लहान नंबरात जातो, गावठी झाडांचा बहुधा बारीक निघतो. रंग आणि अख्खेपणा मात्र कारखान्यात राखावा लागतो. वाफवलेली बी पुरती निवण्याआधी कटरवर घेतली, तर गर मऊ असल्याने पात्याने कापला जातो. बोर्मात, म्हणजे गर वाळवण्याच्या भट्टीत, ताप जास्त झाला की गर करपतो आणि 'एसडब्ल्यू' या करपट प्रतीत उतरतो. बोर्मातून निघालेला गर ठणठणीत कोरडा असतो. त्याला थोडी दमट हवा न देता साल काढली तर त्याच्या पाकळ्या होतात. प्रतवारीनंतर तो पुन्हा वाळवून ओलावा ५ टक्क्यांच्या आत आणतात, नाहीतर डब्यात बुरशी धरते.

घरी पडताळणी सोपी आहे. १०० ग्रॅम काजू तोलून मोजावेत: ३२० नंबरात साधारण ६६ ते ७०, २४० नंबरात ४८ ते ५३ भरतात. पण नुसती मोजणी पुरत नाही. १८० आणि ४५० नंबर एकत्र करूनही सरासरी ३२० च्या जवळ आणता येते, म्हणून मूठभर काजू ताटात पसरून आकार एकसारखा आहे का तेही पाहावे. सालीसकट भाजलेल्या काजूला हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही, कारण सालीचेही वजन त्यात धरले जाते.

काजूकतली किंवा रश्श्याच्या वाटणासाठी अख्खा काजू घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. तिथे पाकळी ('एस') किंवा तुकडा ('एलडब्ल्यूपी') घ्यावा. गर तोच असतो, दर कमी पडतो. फक्त तुकडा लवकर खवट होतो, कारण त्याचा जास्त भाग हवेला उघडा असतो. तो थोडाथोडा आणून हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा.