दोन शोषखड्ड्यांचा संडास आणि शुद्धाशुद्धतेच्या कल्पना

दोन शोषखड्ड्यांचा संडास हा ग्रामीण भारतासाठी शासनाने विशेष पुरस्कारलेला शौचालयाचा प्रकार असून, अशा सोयी निवडताना लोक खर्चाइतकाच जातीचा आणि विटाळाचाही विचार करतात, हे त्याच्या वाटचालीत दिसते.

भांड्यामागच्या कुंडीतून मैला एका वेळी एकाच खड्ड्यात सोडला जातो. खड्ड्याच्या भिंतीत फटी ठेवलेल्या असतात व तळ मातीचाच असतो, त्यामुळे पाणी जमिनीत मुरते. खड्डा भरला की कुंडीतले त्याचे तोंड विटेने बुजवून दुसरे उघडायचे. वर्ष-दोन वर्षांत पहिल्यातील मैल्याचे बिनवासाचे सोनखत होते आणि ते घरच्याच माणसाने फावड्याने उपसायचे, अशी अपेक्षा असते. घोडे पेंड खाते ते इथेच. मैला उपसण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींवर लादले गेल्याने, खत झाले तरी त्याला हात लावणे अनेकांना कमीपणाचे वाटते. म्हणून ऐपतदार कुटुंबे आपल्या हयातीत भरू नये एवढी मोठी टाकी बांधतात, तर काही घरांत लहान खड्डा लवकर भरेल या धास्तीने संडास म्हाताऱ्यांसाठी व आजाऱ्यांसाठी राखून बाकीचे टमरेल घेऊन बाहेर पडतात. (‘परसाकडे जाणे’ या शब्दप्रयोगातही हा विधी घराबाहेरचाच मानला आहे.)

२०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात शौचालयासाठी १२,००० रुपये प्रोत्साहनपर अनुदान होते. परंतु अनुदानाने विटाळ फिटत नाही, याची जाणीव शासनालाही असावी, कारण फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातील गंगादेवीपल्ली येथे तत्कालीन केंद्रीय पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरून खत काढताना दिसले.

मैल्याचे काम स्वतः करण्याचा हा विचार महाराष्ट्रात जुना आहे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी आग्रह धरला आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात सोनखत देणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. याउलट उत्तर व्हिएतनाममध्ये मानवी मैला शेतात वापरण्याची रीत आधीपासून रूढ होती, त्यामुळे दोन कप्प्यांचा खतसंडास तेथे परका वाटला नाही.

मोठी टाकी बांधल्याने उपसा फक्त पुढे ढकलला जातो. ती भरल्यावर अनेकदा त्याच जातींतील माणसांना बोलावले जाते; हाताने मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांविना असे काम करवून घेण्यास मनाई केली, तरी टाक्यांमध्ये गुदमरून कामगार मरण पावल्याच्या घटना त्यानंतरही घडल्या आहेत.