बाण ओढायचा नसतो

दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर सांगलीतल्या एका डीटीपीवाल्याकडे टाकला होता. प्रूफ आलं तर चुनखडीच्या समीकरणातला बाण एवढासा, आणि त्याच्या डोक्यावरची ‘तीव्र उष्णता’ दोन्हीकडून बाहेर लोंबतेय. “जरा लांब कर की रे,” म्हटलं. पोरानं माऊसनं बाण धरला आणि ओढला. दांडा लांबला, पण टोकही शेवग्याच्या शेंगेसारखं निमुळतं झालं. “ओढलं की असंच होतंय सर.” मशीनला लिंबू-मिरची बांधली होती. या कामी तिचा उपयोग नव्हता.

बाण रबर नाही. तो तुकड्यांनी वाढवायचा असतो, आपल्या शिरोरेघेसारखा. प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं, शेजाऱ्याला भिडतं आणि शब्दावर सलग रेघ दिसते.

1977 मध्ये अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांना स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं इतकी खटकली, की त्यांनी अक्षरजुळणीचा ‘टेक’ हा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. त्यात लांब बाणाचा दांडा कशाचा असतो? वजाबाकीच्या चिन्हांचा!

खरी गंमत हिशेबात आहे. गणिताच्या जुळणीत ‘एम’ या, साधारण टाइपाच्या मापाएवढ्या, रुंदीचे 18 भाग धरतात. कनुथ यांच्या टाइपात वजाचं चिन्ह 14 भागांचं, त्यात दोन्ही अंगांना दीड-दीड भाग कोरा. भरावाच्या प्रत्येक वजाचे दोन्हीकडून 2-2 भाग कमी धरायचे, म्हणजे तुकडा 10 भागांचा. शेजारी शेजारी ठेवले की रेघा एकमेकींवर किंचित चढतात. अनुक्रमणिकेतली ठिपक्यांची रांग भरायचीही हीच युक्ती.

आता भरायची जागा 37 भाग असेल तर? तीन तुकडे बसले, 7 भाग उरले. चौथा मावत नाही आणि तुकडा तोडायची सोय नाही. टेक उरलेली जागा साडेतीन-साडेतीन अशी दोन्हीकडे वाटून टाकतो. मग फट पडेल ना? पडत नाही, कारण सुरुवातीचा वजा आणि शेवटचा टोकवाला बाण आधीच 7-7 भाग आत सरकवलेले असतात. शिल्लक कधीच 10 भरत नाही, म्हणजे एका बाजूला 5 पेक्षा कमी. वजाच्या 7 मधून कोरा दीड गेला तरी साडेपाच भाग शाई आत असते. फट झाकली! हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा माझा चहा गार झाला होता.

टेकवरच उभ्या असलेल्या ‘लाटेक’मध्ये बाणावरचा मजकूर आधी मोजला जातो आणि मग त्या मापाचा बाण भरला जातो. हल्लीच्या गणिती फाँटमध्ये असे तुकडे आणि ते एकमेकांवर किती चढवायचे त्याची मापं फाँटमध्येच असतात. यात कुठे ‘एआय’ नाही, बेरीज-वजाबाकी आहे.

घरी लाटेकमध्ये तो पेपर जुळवून पोराला दाखवला. त्यानं पान लहान-मोठं करून सांधे शोधले. लहान केल्यावर एके ठिकाणी दांडा केसभर जाड दिसला, पडद्याचे ठिपके मोठे म्हणून. छापल्यावर तोही दिसेना.

“पण सर, वजा कुठं गेले?”