थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स

थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स हा अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील ऑस्टिन शहरात १९६५ च्या अखेरीस उभा राहिलेला सायकेडेलिक रॉक बँड. १९६९ मध्ये तो संपला. सायकेडेलिक रॉक, म्हणजे नशेतल्या भ्रमासारखा अनुभव सुरांतून उभा करणारे रॉक संगीत, म्हटले की बहुतेकांना सॅन फ्रान्सिस्को आठवते. पण आपल्या संगीताला ‘सायकेडेलिक’ म्हणवून घेणाऱ्या अगदी पहिल्या बँडांत या टेक्ससच्या पोरांचा मान मोठा आहे आणि तो त्यांना फार उशिरा मिळाला.

किनाऱ्यावरच्या पोर्ट अरान्सस गावी वाजवणाऱ्या लिंग्जमेन या बँडमधील स्टेसी सदरलँड (गिटार), बेनी थर्मन (बास) आणि जॉन आइक वॉल्टन (ड्रम्स) यांना टॉमी हॉल याने एकत्र आणले आणि त्यांच्या जोडीला अठरा वर्षांचा रॉकी एरिक्सन हा गायक मिळवला. हॉल स्वतः टेक्सस विद्यापीठात तत्त्वज्ञान व मानसशास्त्र शिकलेला. नावातले ‘एलिव्हेटर्स’ वॉल्टनने सुचवले आणि ‘तेरावा मजला’ हॉलची पत्नी क्लेमेंटाइन हिने. अमेरिकेतील कित्येक उंच इमारतींत तेरा आकडा अशुभ म्हणून बाराव्या मजल्यावर थेट चौदावा येतो. शिवाय इंग्रजी वर्णमालेतील तेरावे अक्षर ‘एम’ हे मारिहुआनाचे, म्हणजे गांजाचे, आद्याक्षर आहे.

हॉलला गिटार येत नव्हती, ड्रम्सही नाहीत. त्याने निवडला तो बुधला. जुन्या लोकसंगीतात अरुंद तोंडाच्या मातीच्या बुधल्यावर फुंकर मारून बासचा सूर काढत. हॉलची तऱ्हा निराळी होती. तो बुधला ओठांजवळ धरून त्याच्या तोंडाशी मायक्रोफोन लावी आणि आत गळ्यानेच भरभर सुरावटी सोडी. त्यातून पाण्याच्या बुडबुड्यांसारखा जो घुमारा निघे तो गाणेभर, मध्ये न थांबता, गिटारच्या मागून धावत राही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा आवाज कुठून येतो तेच कळत नाही. हे वाद्य निव्वळ चमत्कृती होते, असे काही समीक्षक म्हणतात. ते पटण्यासारखे नाही. सदरलँडची प्रतिध्वनीत बुडवलेली गिटार आणि एरिक्सनची काळीज चिरणारी किंकाळी यांना बांधून ठेवतो तो हाच घुमारा.

‘यू आर गॉना मिस मी’ हे एरिक्सनने आधीच्या स्पेड्स या बँडसाठी लिहिलेले गाणे १९६६ च्या आरंभी नव्याने निघाले आणि त्याच वर्षी बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५५ व्या क्रमांकापर्यंत चढले. बँडचे हे एकमेव गाजलेले गाणे. पहिला अल्बम ‘द सायकेडेलिक साउंड्स ऑफ द थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स’ ह्यूस्टनच्या इंटरनॅशनल आर्टिस्ट्स कंपनीने १९६६ मध्येच काढला. त्याच्या वेष्टनावर हॉलने अॅरिस्टॉटलपासून चालत आलेल्या विचारपद्धतीची उलटतपासणीच मांडली आहे. एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या नशेच्या गोळीने माणसाला ज्ञानाची नवी मांडणी दिसते, अशी त्याची श्रद्धा होती आणि मंचावर जाताना सर्वांनी ती घेतलेली असावी, असा त्याचा आग्रह असे.

या आग्रहाची किंमत जबर पडली. त्या काळी टेक्ससमध्ये चिमूटभर गांजा सापडला तरी तो गंभीर गुन्हा ठरे आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शके. हा कायदा १९७३ मध्ये सौम्य झाला. जानेवारी १९६६ मध्येच बँडवर धाड पडली. त्या प्रकरणातून थोडी मोकळीक मिळताच मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला गेली, अॅव्हलॉन बॉलरूम या तिथल्या नृत्यगृहात गाजली, पण पुढे टेक्ससलाच परतली. १९६७ मध्ये वॉल्टन आणि थर्मननंतर आलेला बासवादक रॉनी लेदरमन हे दोघेही बाहेर पडले. त्यांच्या जागी डॅनी थॉमस आणि डॅन गॅलिंडो आले. त्याच वर्षीचा ‘ईस्टर एव्हरीव्हेअर’ हा बँडचा सर्वांत परिपक्व अल्बम. त्यातले आठ मिनिटांचे ‘स्लिप इनसाइड धिस हाउस’ ऐकल्यावाचून या बँडची उंची कळणार नाही. १९६८ चा ‘लाइव्ह’ मात्र स्टुडिओतील मुद्रणांवर टाळ्या चिकटवून कंपनीने खपवलेला माल आहे. शेवटचा ‘बुल ऑफ द वुड्स’ (१९६९) बराचसा सदरलँडने एकट्याने तोलून धरला.

कारण एरिक्सन तोवर हातचा गेला होता. १९६८ मध्ये त्याला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. १९६९ मध्ये गांजाच्या एका विडीपायी पकडल्यावर तुरुंग टाळण्यासाठी त्याच्या वतीने वेडसरपणाचा बचाव घेतला गेला. ऑस्टिनच्या रुग्णालयातून तो पळाला, म्हणून त्याला रस्क येथील गुन्हेगार मनोरुग्णांच्या रुग्णालयात टाकले. १९७२ पर्यंत तो तिथे होता. त्याला विजेचे झटके देण्यात आले. एका विडीसाठी एवढी शिक्षा हा उघड अन्याय होता. सदरलँडलाही अमली पदार्थांच्या प्रकरणात तुरुंगवास घडला. १९७८ मध्ये घरातील भांडणात पत्नीच्या गोळीने त्याचा मृत्यू झाला.

१९७२ च्या ‘नगेट्स’ या संकलनात ‘यू आर गॉना मिस मी’ आले आणि पुढच्या पिढीच्या वादकांनी बँडला नव्याने शोधले. १९९० मध्ये आर.ई.एम., झी झी टॉप आदी बँडांनी एरिक्सनची गाणी गाऊन एक अल्बम काढला. त्यातून त्याच्या उपचारांना आणि गाण्याकडे परतण्याला हातभार लागला. ऑस्टिनच्या सायकेडेलिक संगीत महोत्सवाने याच बँडच्या गाण्यावरून ‘लेव्हिटेशन’ हे नाव घेतले आणि मे २०१५ मध्ये त्याच महोत्सवात एरिक्सन, हॉल, वॉल्टन व लेदरमन पुन्हा एका मंचावर वाजवायला उभे राहिले. एरिक्सन ३१ मे २०१९ रोजी वारला.