ताराबाई, महाराणी

(१६७५ – डिसेंबर १७६१). छत्रपती राजाराम महाराजांच्या पत्नी, दुसऱ्या शिवाजीच्या मातोश्री आणि कोल्हापूर गादीच्या संस्थापक. औरंगजेबाशी त्यांनी दिलेला लढा सर्वश्रुत आहे. प्रस्तुत नोंदीत त्यांचा विवाह, वैधव्य आणि नातू रामराजा यांच्याशी आलेले वितुष्ट यांवर भर आहे.

ताराबाई या तळबीडच्या मोहिते घराण्यातील, सरसेनापती हंबीरराव यांच्या कन्या. राजारामांच्या मातोश्री सोयराबाई या हंबीररावांच्या भगिनी. त्यामुळे ताराबाई नात्याने राजारामांच्या मामेबहीण. विवाह १६८३-८४ च्या सुमारास, म्हणजे संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत झाला असावा. वारसाच्या वादात हंबीररावांनी सख्ख्या बहिणीची बाजू न घेता संभाजी महाराजांना साथ दिली होती, हे ध्यानात घेता या सोयरिकीला राजकीय महत्त्व होते. जिंजीच्या वास्तव्यात ९ जून १६९६ रोजी ताराबाईंना शिवाजी हा पुत्र झाला. सवत राजसबाई यांचा पुत्र संभाजी १६९८ मधील.

मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजारामांचे निधन झाले. धाकट्या राणी अंबिकाबाई विशाळगडावर सती गेल्या. पंचवीस वर्षांच्या ताराबाईंनी मुलाला गादीवर बसवून कारभार हाती घेतला. १७०७ मध्ये संभाजी महाराजांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि खेडच्या लढाईत ताराबाईंच्या पक्षाचा पराभव झाला. त्यांनी पन्हाळ्यास वेगळी गादी स्थापली, पण १७१४ मध्ये राजसबाईंच्या पक्षाने त्यांना मुलासह कैद केले. शिवाजी कैदेतच वारले (१७२६-२७). १७३० पासून ताराबाई साताऱ्यास शाहूंच्या आश्रयाला, पण नजरकैदेत राहिल्या.

रामराजांच्या जन्माचा प्रश्न : शिवाजींच्या पत्नी भवानीबाई यांना झालेला मुलगा राजसबाईंच्या भीतीने गुप्तपणे पन्हाळ्याबाहेर काढला, ही हकीकत मुख्यतः ताराबाईंच्याच सांगण्यावर आधारलेली आहे. मुलगा पुढे पानगाव येथे बहीण दर्याबाई निंबाळकर यांच्याकडे राहिला. निपुत्रिक शाहूंनी कोल्हापूरच्या संभाजींना (राजसबाईंच्या पुत्राला) न आणता त्यालाच गादीवर बसवावे, असे ठरवले. शाहूंच्या मृत्यूनंतर (१५ डिसेंबर १७४९) सरदारांसमोर ताराबाईंनी रामराजांसोबत भोजन केले आणि अन्नावर हात ठेवून हा आपला नातू असल्याची शपथ घेतली. जानेवारी १७५० मध्ये रामराजा छत्रपती झाले.

वर्षभरातच हे संबंध तुटले. नातवाच्या नावाने आपण राज्य चालवावे, ही ताराबाईंची अपेक्षा होती. रामराजांनी मात्र सांगोला येथील करारात राज्यकारभार पेशवे बाळाजी बाजीराव यांच्या स्वाधीन केला व पेशव्यांना दूर करण्यास नकार दिला. २४ नोव्हेंबर १७५० रोजी, चंपाषष्ठीस, त्यांना सातारच्या किल्ल्यावर बोलावून ताराबाईंनी कैद केले. ताराबाईंच्या मदतीसाठी गुजरातेतून आलेले सरदार दमाजी गायकवाड १७५१ मध्ये पेशव्यांच्या हाती सापडले. तरीही ताराबाईंनी किल्ला सोडला नाही आणि नातवालाही सोडले नाही. अखेर सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर पेशव्यांशी समेटाची शपथ झाली. त्याच वेळी रामराजा आपला नातू नसून गोंधळ्याचा मुलगा आहे, असे ताराबाईंनी शपथेवर सांगितले.

दोन्ही शपथा एकाच साक्षीदाराच्या असल्याने कोणती ग्राह्य धरावी, याविषयी मतभेद आहेत. तोतयेपणाचा पक्ष दीर्घकाळच्या गुप्ततेवर बोट ठेवतो. परंतु पहिली शपथ सरदारांच्या देखत, जेवणाच्या पंक्तीत झाली. दुसरी रामराजा कैदेत असताना, त्यांच्यावरील राग विकोपाला गेल्यावर झाली. दर्याबाईंनी त्यांना भाऊ म्हणून वागवले होते आणि जेजुरीच्या शपथेनंतरही पेशव्यांनी छत्रपती बदलले नाहीत. त्यामुळे रामराजा खरे नातू असावेत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. नाकारण्यामागे रक्ताच्या शंकेपेक्षा दुखावलेला अधिकार असावा. मुलाच्या नावाने राज्य राखलेल्या आणि पुढे दीर्घ कैद सोसलेल्या या स्त्रीची ती अखेरची संधी होती.

पानिपतच्या पराभवानंतर काही महिन्यांनी साताऱ्यास ताराबाईंचे निधन झाले. संगम माहुली येथे कृष्णाकाठी त्यांची समाधी आहे. त्यांच्या मृत्यूनंतर माधवराव पेशव्यांच्या काळात रामराजांची कैद सैल झाली, पण सत्ता त्यांच्याकडे आली नाही. १७७७ मध्ये वावीकर भोसल्यांच्या घराण्यातील मुलगा दत्तक घेऊन ते वारले. हाच मुलगा दुसरा शाहू म्हणून गादीवर आला.