पेसा वेगळा, वनहक्क वेगळा

सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या कुठल्याही अभ्यासिकेत ‘पेसा’, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, म्हटलं की पुढचा शब्द ‘भरती’ येतो. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक असे 17 संवर्ग, अनुसूचित क्षेत्रातली (घटनेनुसार जाहीर झालेल्या आदिवासी भागातली) पदं, स्थानिक आदिवासी उमेदवार. ही भरती मुळात पेसा कायद्यातली नाहीच. राज्यपालांनी घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या अधिकारात काढलेल्या अधिसूचनेतून ती आली. पण नाव चिकटलं. त्यातून आदिवासींचं जे काही असेल ते पेसात, असा समज झाला आणि वनजमिनीवर जगणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा वनहक्क कायदाही त्यातच कोंबला गेला. परीक्षेत या घोळाने एखादा गुण जातो. मुळशीतल्या कातकरी वाडीवर कसता तुकडा जातो.

पेसा तुम्हाला पाठ असेल, म्हणून भरभर सांगते. 24 डिसेंबर 1996, भुरिया समितीची शिफारस, ग्रामसभेला अधिकार, महाराष्ट्राचे नियम 2014 चे. वनहक्क कायदा 2006 चा, अंमल 31 डिसेंबर 2007 पासून. एक पंचायत राज मंत्रालयाकडे, दुसरा आदिवासी कार्य मंत्रालयाकडे. हे फरक परीक्षेपुरते. वाडीवर त्यांचं काही अडत नाही.

अडतं ते इथे: कोणता कायदा कुठे लागू होतो?

पेसा अनुसूचित क्षेत्राला बांधलेला आहे. तुमचं गाव त्या यादीत असेल तर पेसा आहे, नसेल तर नाही, मग गावात शंभर टक्के आदिवासी का असेनात. महाराष्ट्रात 13 जिल्ह्यांत असं क्षेत्र आहे. पुणे जिल्ह्यात ते आंबेगाव आणि जुन्नर या दोनच तालुक्यांच्या पश्चिम भागात आहे. मुळशी, मावळ, राजगड (पूर्वीचा वेल्हे), भोर यात नाहीत.

वनहक्क कायदा असली कुठलीही यादी विचारत नाही. जमीन वनजमीन आहे का, आणि तिच्यावर जगणारं माणूस कोण, हे दोनच प्रश्न तो विचारतो. माणूस अनुसूचित जमातीचं असेल तर 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ती जमीन त्याच्या कब्जात असली पाहिजे. जमातीबाहेरचं असेल तर त्याच तारखेच्या आधी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. अनुसूचित क्षेत्राची अट कायद्यात कुठेही नाही. अभयारण्य असलं तरी चालतं, कारण वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंही आहेत. भीमाशंकर अभयारण्यातल्या गावांनाही दावा करता येतो.

आता मुळशीतली गोष्ट. एका आजींबरोबर दाव्याची फाइल घेऊन मी एका कार्यालयात गेले होते. टेबलामागच्या साहेबांनी गावाचं नाव वाचलं आणि फाइल न उघडताच म्हणाले, “हे पेसात येत नाही. वनहक्क मिळणार नाही.” आजी लगेच उठल्या. साहेबांनी सांगितलं म्हणजे झालं. त्या एका वाक्याने किती कुटुंबं अशीच परत गेली असतील, हे आठवलं की आजही जीव तुटतो. कातकरी तर महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. अशा गटांच्या परिसरावरच्या हक्काचा या कायद्यात वेगळा उल्लेख आहे. ज्यांच्यासाठी कायद्याने खास जागा ठेवली, त्यांनाच दारातून परत पाठवलं गेलं.

त्या फाइलमध्ये काय होतं ते सांगते. प्लास्टिकच्या पिशवीत चौघडी केलेली दंडाची पावती, घड्यांवर फाटलेली. आजींच्या सासऱ्यांना नाचणीच्या तुकड्यासाठी अतिक्रमणाचा दंड झाला होता, त्याची. ज्या कागदाने एकेकाळी गुन्हेगार ठरवलं, तोच आज ते कुटुंब तिथे कसत होतं याचा पुरावा आहे. सोबत वाडीतल्या दुसऱ्या म्हाताऱ्याचा लेखी जबाब आणि जुन्या बांधाची, मसणवट्याची नोंद. नियमांनुसार हेही पुरावेच.

म्हणूनच ‘वनपट्टे वाटप’ हा शब्द मला सहन होत नाही. वर्तमानपत्रात रोज छापून येतो. वाटप आपल्याकडचं काहीतरी दुसऱ्याला देताना करतात. कायद्याचा शब्द ‘मान्यता’ आहे: हक्क आधीपासून होता, सरकारने तो मान्य केला. मान्य झालेली जमीन वारसाला जाते, विकता येत नाही, आणि लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांच्या नावावर होते.

घोळ इतका मुरला कसा? मला वाटतं, जिथे दोन्ही कायदे लागू आहेत तिथे सांधा दिसतच नाही. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करतात, वाळवतात, विकतात. अशा गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंची, मालकी पेसाही देतो आणि वनहक्कही. पण पेसाने बांबूचं नाव घेतलेलं नाही, वनहक्काने घेतलं आहे. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) पेसा क्षेत्रातच आहे, तरी बांबू विकायचा अधिकार गावाला 1996 नंतर आपसूक मिळाला नाही. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर वनहक्क कायद्याखाली सामूहिक, म्हणजे सगळ्या गावाचा, हक्क मान्य झाला आणि एप्रिल 2011 मध्ये वाहतूक पासाचं (माल जंगलाबाहेर नेण्याच्या परवान्याचं) पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबूचा पैसा गावात आला तो त्यानंतर. म्हणून मी प्रत्येक वाडीवर सांगते, वैयक्तिक दाव्यावर थांबू नका, सामूहिक दावाही टाका. एकराच्या तुकड्यावर घर चालत नाही.

आणि पेसा नाही म्हणून ग्रामसभा नाही, असंही नाही. वनहक्काचा दावा ग्रामसभेतूनच सुरू होतो. सभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. जानेवारीत सभा लावली तर गणपूर्ती होणार कुठून? वाडीवर तेव्हा म्हातारी माणसं आणि बंद दारं असतात. आजींच्या वाडीची सभा आम्ही श्रावणात घेतली. पाऊस होता, शाळेच्या पडवीत बसलो, आणि हजेरीच्या वहीत अंगठ्यांना पान पुरेना.