इंद्र म्हणजे सूर्य, द्रौपदी म्हणजे लक्ष्मी : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

रामायण-महाभारत खरोखर घडले की ते रूपक आहे, या वादात श्रद्धाळू इतिहासाच्या बाजूला आणि चिकित्सक रूपकाच्या बाजूला, अशी वाटणी आता ठरून गेली आहे. जुन्या ग्रंथांत ती सापडत नाही.

इंद्राने मारलेला वृत्र कोण, असा प्रश्न यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, आहे. व्युत्पत्तीवरून अर्थ लावणाऱ्या नैरुक्तांच्या मते मेघ, कथा घडलेली मानणाऱ्या ऐतिहासिकांच्या मते त्वष्टा या देवाचा असुर पुत्र. यास्क दोन्ही मते नोंदवतो आणि पुढे सांगतो की पाणी व तेज एकत्र येऊन पाऊस पडतो, युद्धाचे वर्णन उपमेदाखल.

सातव्या शतकातला कुमारिल भट्ट अधिक रंजक. वेदप्रामाण्याचा याच्याइतका कडवा कैवारी क्वचितच झाला असेल. थोरांचे आचरण धर्माला प्रमाण मानायचे, तर इंद्र-अहल्येचे काय? कुमारिल उत्तर देतो : इंद्र हा सूर्य, अहल्या ही रात्र, सूर्य रात्रीचा क्षय करतो, एवढेच. द्रौपदीच्या पाच पतींसाठी तर तो एकाहून अधिक वाटा काढतो. ती साक्षात लक्ष्मी, म्हणून अनेकांची झाली तरी दोष नाही. किंवा सारख्या दिसणाऱ्या अनेक द्रौपदी होत्या, त्यांना एकच म्हटले गेले! म्हणजे रूपकाचा आधार इथे घेतला गेला तो चमत्कार पटेना म्हणून नव्हे, वागणे अडचणीचे होते म्हणून.

सोळाव्या शतकात एकनाथांना अशी अडचणही नव्हती. भावार्थ रामायणात कौसल्या सद्विद्या आहे, कैकेयी अविद्या, मंथरा कुविद्या. तरी कथा कथाच राहते, राम वनात जातोच.

‘घडले असेल तर कोणत्या साली?’ हा प्रश्न जोर धरतो एकोणिसाव्या शतकात, युरोपीय इतिहासपद्धतीबरोबर. त्यानंतर भूमिका ताठर झाल्या. १९१५च्या गीतारहस्यात टिळकांनी अर्जुनासमोरचे युद्ध युद्धच मानले. गांधींनी अनासक्तियोग या आपल्या गीतेच्या अनुवादाच्या प्रस्तावनेत लिहिले की १८८८-८९पासूनच त्यांना गीता ऐतिहासिक ग्रंथ वाटली नाही. त्यातले युद्ध म्हणजे माणसाच्या हृदयातले द्वंद्व. अहिंसावाद्याला कुरुक्षेत्र पेलायचे तर दुसरा मार्ग नव्हता. मला यात कुमारिलाचीच युक्ती दिसते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत अनेक हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. पाठभेद अक्षरश: तपासणारे तिचे संपादक वि. स. सुकथनकर १९४२च्या व्याख्यानांत मात्र व्यावहारिक, नैतिक आणि आध्यात्मिक अशा तीन पातळ्यांवरचा अर्थ सांगत होते. चौथे व्याख्यान देण्याआधीच, जानेवारी १९४३मध्ये, ते वारले. पुण्यातच इरावती कर्व्यांनी १९६७च्या ‘युगान्त’मध्ये उलटे केले : चमत्कार बाजूला ठेवले, माणसे खरी धरली.

२००७मध्ये रामसेतूतून जहाजांसाठी मार्ग खोदण्याच्या सेतुसमुद्रम प्रकल्पाच्या खटल्यात पुरातत्त्व विभागाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिले की रामायणातील पात्रे होऊन गेली, हे सिद्ध करणारा ऐतिहासिक पुरावा म्हणून हे ग्रंथ धरता येत नाहीत. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच केंद्र सरकारने ते मागे घेतले.